उजेड झेलणारा तळहात

तळहात रिकामा ठेवा. या प्रवासाला निघताना दुसरं काही सोबत घ्यायचं नाही. उजवा हात पुढे करा, बोटं जराशी वाकवा; पहिल्या पावसात पागोळीखाली धरतो तसा. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वाटेवर ठिकठिकाणी थांबायचं आहे आणि प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट बघायची आहे: दुरून, तारेशिवाय पाठवलेल्या ऊर्जेतलं या हातात किती पोचलं?

कलकत्ता, १८९५

पहिलं पाऊल टाउन हॉलमध्ये पडतं. समोर प्रेसिडेन्सी कॉलेजचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस उभे आहेत. त्यांच्यापुढे एक लहानशी पेटी आहे. तिच्यातून ठिणगी उडते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतलाटा निघतात. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर त्यांच्या वाटेतच बसले आहेत. लाटा त्यांच्या अंगातून आणि भिंतींतून आरपार जातात, आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजते, बंदुकीची दारू भडकते.

तुम्ही हात वाटेत धरता. हाताला काहीच कळत नाही. ऊब नाही, झिणझिण्याही नाहीत.

मग भिंतीपलीकडे जाऊन बघा. घंटा वाजवली ती तिथल्याच बॅटरीनं, दारू पेटवली तीही तिनंच. लाटेनं येऊन बॅटरीची कडी तेवढी काढली. लाट क्षीण होती, पण तिची चाहूल घेणारं बोस यांचं यंत्र फार नाजूक कानाचं होतं. रेडिओचं सारं युग पुढे याच वाटेनं जाणार आहे. पण आपला हात रिकामाच राहिला, कारण भिंतीपलीकडे पोचला तो निरोप. शिदोरी पोचली नाही.

निरोप आणि शिदोरी यांतला हा फरक घट्ट धरून ठेवा. पुढची सगळी माणसं शिदोरी पोचवायला निघाली आहेत.

शोरहॅम, लाँग आयलंड, १९०३

न्यूयॉर्कपासून पूर्वेला, बटाट्याच्या शेतांच्या मुलखात, १८७ फूट उंचीचा लाकडी मनोरा उभा आहे. माथ्यावर अळंबीच्या छत्रीसारखा घुमट. निकोला टेस्लांचं हे वॉर्डनक्लिफ. आधी १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डोंगराळ हवेत त्यांनी कृत्रिम विजा पाडून पाहिल्या आहेत, आणि आता सगळी पृथ्वीच तारेसारखी वापरायची असं त्यांच्या मनात आहे. मनोऱ्यानं जमिनीत कंप सोडायचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच सुरात लावलेल्या वेटोळ्यानं तो उचलायचा. निरोप तर जाईलच, पण दिवाही लागेल.

रात्री मनोऱ्याखाली उभं राहिलं की मान आपोआप मागे जाते. एवढं मोठं स्वप्न लाकडात बांधलेलं पुन्हा कुठे बघायला मिळणार? पण हात पुढे केला की तो तसाच राहतो. चिमणीच्या उजेडापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. तिप्पट लांब गेलं की नववा हिस्सा उरतो. चहूकडे पसरणाऱ्या कुठल्याही ऊर्जेचं असंच होतं. जमीनही ती जपून नेत नाही, वाटेतच जिरवते.

या मनोऱ्यासाठी बँकर जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले होते. मार्कोनींनी डिसेंबर १९०१ मध्ये कितीतरी साध्या यंत्रांनी अटलांटिकपार संदेश धाडून दाखवला, आणि मॉर्गन यांनी पुढचे पैसे दिले नाहीत. १९१७ साली हा मनोरा पाडला जाईल आणि भंगारात जाईल.

त्याच १९१७ साली जर्मनीत अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा प्रारणावरचा एक निबंध छापून येतो. त्यात एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. उत्तेजित झालेल्या अणूजवळून योग्य रंगाचा प्रकाशकण गेला, तर तो अणू आपल्याजवळची ऊर्जा सोडतो; आणि सुटणारा कण पहिल्यासारखाच असतो, त्याच दिशेला, त्याच ठेक्यात. एकाचे दोन, दोनाचे चार. फारसं न पसरता जाणाऱ्या ऊर्जेचं बी कागदावर पडलं. ते उगवायला त्रेचाळीस वर्षं लागतील.

मालिबू, कॅलिफोर्निया, १६ मे १९६०

टेकडीखाली प्रशांत महासागर, वर ह्यूज कंपनीची प्रयोगशाळा. टेबलावर ॲल्युमिनियमचा चकचकीत डबा आहे, एवढा लहान की तुमच्या तळहातावर मावेल. त्याच्या आत छायाचित्रकार वापरतात तसला फ्लॅशचा दिवा आहे, जिलबीसारखा वेटोळं घातलेला. वेटोळ्याच्या मधोमध बोटाच्या पेराएवढं कृत्रिम माणिक आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा.

थिओडोर मेमन यांना माणकाचा नाद सोडायला अनेकांनी सांगितलं आहे. माणकानं शोषलेल्या उजेडातला जेमतेम एक टक्का लाल होऊन बाहेर येतो, असं एक माप छापून आलं होतं. मेमन यांनी ते माप स्वतः पुन्हा घेतलं, तर आकडा तीन चतुर्थांशाच्या आसपास निघाला. माणिक चांगलं झेलत होतं. मोजण्यातच चूक झाली होती. एका आकड्यावर विसंबून बाकीचे लोक माणिक सोडून गेले आणि ज्यानं तो आकडा तपासला तो इथे उभा आहे.

त्यांचे साहाय्यक इर्नी डीहेनन्स शेजारी आहेत. विजेचा दाब एकेक पायरी चढवला जातो. ५०० व्होल्ट, मग आणखी, मग आणखी. दर वेळी दिवा फाटकन लखलखतो आणि ऑसिलोस्कोपवर रेघ उठते. साडेनऊशेच्या पलीकडे गेल्यावर रेघ एकदम उसळते. दिव्याचा हिरवा-जांभळा उजेड माणकातल्या क्रोमियमनं गिळला, आणि दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालत एका ठेक्यात आलेला लाल उजेड बाहेर पडला. अशा उजेडाचं, आणि तो सोडणाऱ्या यंत्राचं, नाव लेसर. साध्या दिव्याचा उजेड म्हणजे जत्रेतून पांगणारी माणसं. हा उजेड म्हणजे दिंडी. प्रत्येक टाळ एकाच मात्रेवर पडतोय.

डीहेनन्स यांच्या डोळ्यांना लाल रंग नीट दिसत नाही. आज मात्र त्यांना लाल दिसलं, कारण इतकं तेजस्वी लाल त्यांच्या डोळ्यांपुढे कधी आलंच नव्हतं.

एका आघाडीच्या अमेरिकी नियतकालिकानं मेमन यांचा शोधनिबंध परत पाठवला. तो ६ ऑगस्टला ब्रिटनच्या ‘नेचर’मध्ये छापून आला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मृत्युकिरण सापडला. उत्तर हाती आलं आहे, आता प्रश्न शोधायचा, अशी थट्टा डीहेनन्स करत. दोन्ही बोलण्यांत एकच उणीव होती. किरण जिथे जाऊन पडायचा, त्या टोकाचा विचार अजून कुणी केला नव्हता.

बफेलो, १९६५

आता कारखान्यात या. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी टेलिफोनसाठी तांब्याच्या बारीक तारा ओढते. जाड तार हिऱ्याच्या भोकातून ओढली की बारीक होते. सोनाराच्या जंतरपट्टीसारखंच, फक्त इथे पट्टीच्या जागी हिरा. ओढता ओढता भोक झिजतं, मोठं होतं, मग पुन्हा कोरावं लागतं. हिऱ्याला भोक पाडायचं तर हिऱ्याचीच पूड तेलात कालवून पोलादी सुईनं दिवसदिवस घासत बसायचं. आज तिथे माणकाचा लेसर आला आहे. घासण्याचं ते मोठं काम काही मिनिटांवर येतं. शेवटची झिलई तेवढी जुन्या पद्धतीनं.

लेसरच्या ताकदीला तेव्हा धड माप नव्हतं. एकावर एक ठेवलेली दाढीची किती पाती किरण भेदतो, यावर ती सांगत, आणि त्या मापाला ‘जिलेट’ म्हणत. मापातला खेळकरपणा इथे संपला. हे पगारी काम होतं.

पण थांबा. हिरा पारदर्शक असतो, लाल उजेड त्यातून सरळ निघून जातो. मग तो कापला कसा जातो? भिंगानं उजेड टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत एकवटला की तिथला हिरा बिघडतो आणि त्याचं ग्राफाइट होतं, शिसपेन्सिलीतलं असतं तसं काळं. काळा कण उजेड सोडत नाही. तो तापतो, वाफ होऊन उडतो आणि शेजारच्या हिऱ्याला काळं करून जातो. काम हिऱ्यानं केलं नाही, त्याच्यावर धरलेल्या काजळीनं केलं. सुरतेत आज हिरे लेसरनं कापले जातात, तिथेही हीच काजळी राबते.

तुमचा हात मात्र मागेच ठेवा. झेलायचं कसं हे ठाऊक नसलेल्या हाताला हा उजेड जखम करील.

मरे हिल, न्यू जर्सी, १९६४

एक वर्ष मागे येऊ. बेल लॅबोरेटरीजमधल्या या खोलीत लांब काचेची नळी गुलाबी-जांभळी उजळली आहे. नळीजवळ पंचविशीतला एक तरुण उभा आहे: चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म बारामतीचा, १९३८ चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी, मग स्टॅनफर्ड, १९६१ मध्ये डॉक्टरेट आणि तिथून थेट इथे.

माणकाचा लेसर एका क्षणापुरता लखलखतो आणि दम घेतो. पटेल यांना सतत वाहणारा, जोरकस किरण हवा आहे. त्यासाठी त्यांनी कार्बन डायऑक्साइड निवडला, आपण प्रत्येक उच्छ्वासात सोडतो तोच वायू. त्याचा रेणू तीन मण्यांच्या छोट्या माळेसारखा असतो, मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. माळ कंप पावते. एका प्रकारच्या कंपातून दुसऱ्या प्रकारात उतरताना ती १०.६ मायक्रोमीटर लांबीची अवरक्त लाट सोडते.

पहिला किरण मिलिवॉटमध्ये मोजण्याइतका अशक्त होता. मग त्यांनी नायट्रोजनची जोड दिली, आणि इथे या गोष्टीतला सर्वांत देखणा झेल पाहायला मिळतो. विजेच्या धक्क्यानं नायट्रोजनचा रेणू कंप पावू लागतो, पण त्याची दोन्ही टोकं सारखीच असल्यामुळे तो ती ऊर्जा उजेड करून टाकू शकत नाही. त्याला ती बाळगूनच फिरावं लागतं. फिरता फिरता तो कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर आदळतो. त्या रेणूला हवी असलेली ऊर्जा जवळजवळ नेमकी तेवढीच असते. देणंघेणं पुरं होतं.

बारामतीसारख्या, नीरा कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या मुलखात हे समजावून सांगायला लागणार नाही. कालव्याला पाळी येते तेव्हा सगळं पाणी एकदम शेतात सोडत नाहीत. तळं भरून घेतात आणि सरीला लागेल तसं देतात. नायट्रोजन म्हणजे नळीतलं तळं. मागाहून हीलियम आला. त्यानं वापरून झालेली ऊर्जा, म्हणजे उष्णता, बाहेर नेली, शेतातला निचरा करावा तशी. भरणं, देणं, निचरा. १९६५ पर्यंत किरण शंभर वॉटच्या पुढे गेला.

या लेसरच्या नळीच्या तोंडाला साधी काच चालत नाही, कारण काच हा उजेड अडवते. म्हणून मिठाच्या स्फटिकाच्या चकत्या खिडकी म्हणून लावत. तुम्ही बघता तेव्हा नळीबाहेर काहीच दिसत नाही. ना किरण, ना धूर. चार हातांवर ठेवलेली भट्टीची वीट मात्र मधोमध लाल होते, मग पिवळी, मग पांढरी. तुम्ही हात लांबूनच विटेकडे करता आणि या प्रवासात पहिल्यांदा तळहाताला ऊब लागते.

हार्लो, इंग्लंड, मे १९६७

पोलाद पटेल यांच्या या अदृश्य उजेडाला दाद देत नाही. थंड, गुळगुळीत पत्रा आरशासारखा वागतो आणि अंगावर आलेला बहुतेक किरण परतवून लावतो. म्हणजे सुरी आहे, धार आहे, पण भाकरीच सुरीला हात लावू देत नाही.

ब्रिटिश वेल्डिंग रिसर्च असोसिएशनचे पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांचं आयुष्य वेल्डिंगच्या जगात गेलं आहे. ऑक्सिजनच्या ज्योतीनं जाड पोलाद कसं कापतात हे त्यांना पाठ आहे: लोखंड तापवलं आणि त्यावर ऑक्सिजनचा झोत मारला, की लोखंड स्वतःच जळू लागतं. त्यांनी लेसरचं भिंग एका छोट्या नळकांड्याच्या तोंडावर बसवलं, नळकांड्यात ऑक्सिजन भरला आणि खाली बारीक नोझल ठेवलं. उजेड आणि वायू एकाच भोकातून, एकाच ठिकाणी.

३०० वॉटचा किरण एक मिलिमीटरच्या पत्र्यावर येतो. एक क्षण काहीच घडत नाही. मग एक ठिपका तांबूस होतो. तापलेलं लोखंड ऑक्सिजन पकडतं, त्या जळण्याची उष्णता किरणाच्या मदतीला येते, वितळलेला थर उजेड तितका परतवत नाही, आणि झोत वितळलेला रस खाली उडवून देतो. ठिणग्यांचा पिसारा फुलतो. पत्रा पुढे सरकतो आणि मागे अरुंद, स्वच्छ फट राहते. ऑगस्टमध्ये हाउल्डक्रॉफ्ट आणि त्यांचे सहलेखक सुलिव्हन यांचा निबंध छापला जाईल. आज जगात धातूवर चालणाऱ्या प्रत्येक लेसर कटरच्या तोंडावर या नोझलचा वंशज बसलेला आहे.

इथे हाउल्डक्रॉफ्ट यांनी किरणाला हातही लावला नाही. त्यांनी पत्र्याला झेलायला शिकवलं.

बर्लिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, २८ ऑक्टोबर १९६४

आता कापणं बाजूला ठेवू आणि शिदोरीकडे वळू. रेथिऑन कंपनीच्या आवारात एक लहान हेलिकॉप्टर आहे. त्यात इंधन नाही, बॅटरी नाही. ते भरकटू नये म्हणून उभ्या तारांमध्ये बांधलं आहे. जमिनीवरच्या तबकडीतून मायक्रोवेव्हचा झोत वर सोडला जातो. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीतल्या लाटांचाच हा भाऊबंद.

लाट पकडणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते तिची वीज करणं. एवढ्या शक्तीच्या झोतापुढे त्या काळचा चिमुकला डायोड टिकत नसे. रेथिऑनच्या विल्यम ब्राउन यांनी वाट काढली ती शेतावरच्या मजुरांच्या टोळीसारखी. एकाच्या डोक्यावर सगळा भारा द्यायचा नाही. हजारो डायोड घ्यायचे, जाळीसारखे पसरायचे, प्रत्येकानं चिमूटभर झेलायचं आणि सगळ्यांचं मिळून मोटरला द्यायचं. या झेलणाऱ्या जाळीला नाव मिळालं रेक्टेना.

पाती फिरू लागतात. हेलिकॉप्टर उठतं, साठेक फुटांपर्यंत जातं आणि तिथेच राहतं. पुढे ते सलग दहा तास तसंच तरंगणार आहे. त्याच्या पोटाखाली मोकळी हवा आहे, दुसरं काहीच नाही. तुमच्या वर केलेल्या तळहातावर वारा पडतो. हा वारा जमिनीवरून पाठवलेल्या विजेचा आहे.

गोल्डस्टोन, मोहावी वाळवंट, ५ जून १९७५

अंतराळयानांशी बोलणारी २६ मीटर व्यासाची तबकडी आज आकाशाकडे बघत नाही. ती दीड किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावरच्या एका मनोऱ्याकडे वळली आहे. मनोऱ्यावर सुमारे पंचवीस चौरस मीटरची रेक्टेनाची भिंत आहे. झोत सुटतो आणि वाळवंटात दिवे पेटतात. ३० किलोवॉटहून अधिक वीज, एकही तार न ओढता. जाळीवर पडलेल्या ऊर्जेपैकी ८० टक्क्यांहून जास्त जाळीनं वीज करून हाती दिली.

टेस्ला असते तर या दिव्यांपुढे किती वेळ उभे राहिले असते!

पण झोतातला मोठा भाग जाळीच्या कडेनं निघूनही गेला. कुठलाही किरण किती फाकतो हे दोन गोष्टींवर ठरतं: लाटेची लांबी आणि सोडणाऱ्या तोंडाची रुंदी. लाट लांब असेल तर तोंड मोठं हवं. इथली लाट साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास होती, म्हणून २६ मीटरची तबकडीही अपुरी पडली. पीटर ग्लेझर यांनी १९६८ मध्ये एक योजना मांडली होती. अंतराळात सूर्याची ऊर्जा गोळा करायची आणि मायक्रोवेव्हनं खाली पाठवायची. त्या योजनेला किलोमीटरांत मोजायचे अँटेना लागतात ते याच हिशेबानं.

लेसरची लाट मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणजे लाखपटीनं आखूड. जे काम मायक्रोवेव्हला मैदानाएवढ्या तबकडीनं करावं लागतं, ते लेसर परातीएवढ्या भिंगानं करतो. त्याचीही किंमत मोजावी लागते. ढग, धुकं, धूळ मायक्रोवेव्हला फारसे अडवत नाहीत, लेसरला अडवतात. आणि वाटेत डोळा आला तर डोळा जातो. तरीही लहान विमानाला, दूरच्या ठाण्याला, वीज नसलेल्या कड्यावर शिदोरी धाडायची तर हलकी तबकडी हवी आणि हलका झेलणारा हवा. कापणारा उजेड आणि ऊर्जा वाहणारा उजेड यांच्या वाटा इथे एकत्र येतात.

हंट्सव्हिल, २००३, आणि पुन्हा मोहावी, २००९

अलाबामात नासाच्या मार्शल केंद्रातल्या बंदिस्त इमारतीत बाल्सा लाकडाचं, पातळ फिल्म मढवलेलं विमान उडतं आहे. पंखांचा विस्तार दीड मीटर, वजन ३११ ग्रॅम. अवरक्त लेसर त्याच्या पोटाखालच्या सौर घटांचा पाठलाग करतो आणि प्रोपेलर फिरत राहतो, फेरीमागून फेरी. लेसर बंद केला की विमान तरंगत खाली येऊन बसतं. तुम्ही कान देऊन ऐकता. दोरा तुटल्यासारखा कसलाच आवाज होत नाही.

सहा वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, मोहावीच्या कोरड्या सरोवरावर हेलिकॉप्टरनं सुमारे एक किलोमीटर लांबीची दोरी आकाशात उभी धरली आहे. सिएटलच्या लेसरमोटिव्ह चमूचा रोबो फक्त खालून येणाऱ्या लेसरच्या बळावर दोरी चढतो, सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगानं. नासाच्या स्पर्धेतले नऊ लाख डॉलर त्या चमूला मिळतात. मान वर करून पाहता पाहता रोबो ठिपक्याएवढा होतो. एवढ्या उंचीवरही त्याची शिदोरी त्याला पोचते आहे.

भोसरी, आजची दुपार

एक थांबा घराजवळचा. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये फायबर लेसर चालू आहे. ऑपरेटरनं एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, शीट टेबलावर लावली आहे आणि पडद्यावर नेस्टिंग तपासतो आहे, म्हणजे एका शीटमध्ये जास्तीत जास्त जॉब कसे बसतील आणि स्क्रॅप किती कमी जाईल हे. बटण दाबताच तोंड शीटवर धावू लागतं. रंगीत काचेमागे ठिणग्या खाली गळतात.

इथे नळी नाही, वायूंचं तळं नाही. केसासारख्या काचेच्या तंतूत यटर्बियमचे अणू उजेड झेलतात आणि मायक्रोमीटरच्या आसपासची लाट सोडतात. पटेल यांच्या लाटेपेक्षा ही साधारण दसपटीनं आखूड आहे, आणि धातू आखूड लाट अधिक चांगली झेलतो. गेल्या काही वर्षांत पत्रा कापणाऱ्या शेडांनी फायबर जवळ केलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. नोझल मात्र हाउल्डक्रॉफ्ट यांचंच. एमएसला ऑक्सिजन लावतात, तेव्हा कड काळसर येते. एसएसला, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, नायट्रोजन लावतात, तेव्हा कड पांढरी, चकचकीत राहते.

ऑपरेटर नुकताच कापलेला ब्रॅकेट उचलून तुमच्या हातावर ठेवतो. तो अजून कोमट आहे. कडेवरून अंगठा फिरवा. बर, म्हणजे कडेला राहणारा खरबरीत कंगोरा, जवळजवळ नाही. हार्लोचा ऑक्सिजन आणि मालिबूचं माणिक या तळहाताएवढ्या तुकड्यात आले आहेत.

व्हाइट सँड्स, न्यू मेक्सिको, २०२५

शेवटचा थांबा क्षेपणास्त्रांच्या चाचणीभूमीवर आहे. इथल्याच केंद्रात किरणांची शस्त्रं तपासली जातात. १९६० मधल्या वर्तमानपत्रांचा मृत्युकिरण खोटा नव्हता, त्याला घर मिळालं आहे. हे डोळ्यांआड करून पुढे जाता येणार नाही. आणि याच मोकळ्या, पांढरट मुलखात अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेनं आणखी एक यंत्र मांडलं आहे.

८.६ किलोमीटरवरून लेसर सुटतो. या टोकाला एक गोल ग्राहक, म्हणजे उजेड झेलणारं यंत्र, आहे. त्याला एक लहान तोंड आहे. उजेड तिथून आत शिरतो आणि मग फारसा बाहेर पडू शकत नाही. आत पॅराबोलाच्या आकाराचा आरसा बसवला आहे. तो आलेला किरण चारी बाजूंना लावलेल्या डझनावारी सौर घटांवर वाटून देतो. ब्राउन यांच्या डायोडांची टोळी आठवा: एकाच्या डोक्यावर भार नाही, सगळ्यांनी चिमूटचिमूट. बफेलोची काजळी आठवा: आलेला उजेड परत जाऊ द्यायचा नाही. साठ वर्षांत झेलण्याची जी जी युक्ती सुचली, ती या तोंडाआड बसली आहे.

तीस सेकंद. ८०० वॉटहून अधिक वीज, घरातली साधी इस्त्री तापेल एवढी. वाटेत बरंच सांडतं. कमी अंतरावर मोजलं तेव्हा लेसरच्या उजेडातला पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग वीज होऊन हाती आला. हे कमी आहे. पण आठ किलोमीटरवर वीज पोचली आहे, आणि मध्ये ना खांब, ना तार.

तोच किरण पत्र्याला फाडतो, डोळा घालवतो आणि इथे पंगतीला वाढपी होतो. या कामांत सोडणारं यंत्र फारसं वेगळं नसतं, वेगळं असतं ते या टोकाला काय ठेवलं आहे हे. ज्यांनी किरण सोडला त्यांची नावं आपण मोठ्यानं घेतो, घ्यावीतच. पण प्रत्येक थांब्यावर काम मार्गी लागलं ते कुणीतरी या बाजूला येऊन उभं राहिल्यावर: माणकाचं माप पुन्हा घेणारा, नायट्रोजनचं तळं बांधणारा, पत्र्याला ऑक्सिजन देणारा, हजार डायोडांची जाळी विणणारा. दूरच्या वाडीत, दुर्गम दवाखान्यात, पुरात तुटलेल्या गावात वीज कशी पोचवायची हा प्रश्न ज्यांना पडेल, त्यांनीही याच टोकापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या हाताला काय हवं आहे आणि तो हात ते कसं झेलील, हे आधी विचारावं.

यंत्राजवळ गडबड चालू आहे. आलेल्या विजेचं करायचं काय, तर त्या माणसांनी मक्याचे दाणे घेतले आहेत. दाणे तडतडू लागतात. एक फुटतो, मग दहा, मग सगळे.

तळहात पुढे करा. या वेळी मागे ठेवू नका. त्यावर मक्याच्या लाह्या पडतात, पांढऱ्या, हलक्या, चटका बसेल इतक्या गरम. एक तोंडात टाका. शिदोरी पोचली.